पांढऱ्या आठवड्यातली झाकणं

१

वेलिझार आंतिच गेला तो ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या तिसऱ्या बुधवारी, आमच्या कारखान्याच्या पेल्यातलं जेवण खाताना. वय एकतीस. पिरोतच्या शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला दूध चालत नव्हतं. पोट बिघडायचं एवढंच असतं तर ठीक होतं, पण दुधाचा अंश जरी पोटात गेला तरी त्याचा घसा सुजून श्वास कोंडायचा. असा माणूस आमच्या गावात काय खाऊन जगणार? 'पोस्नो' असं लिहिलेलं असेल ते. बाकीच्यांना पोस्नो म्हणजे उपवासाचं. मांस, दूध, अंडं काही नसलेलं. वेलिझारला देवाधर्माशी काही देणंघेणं नव्हतं. तो फक्त त्या शब्दावर विश्वास ठेवून जेवायचा.

आणि आमच्या पोस्नो पेल्यात दूध निघालं.

पेल्याचं नाव 'काशिका', म्हणजे चमचा. मसूर, लाल मिरची, ओट आणि कसली कसली पौष्टिक पूड. रेघेपर्यंत उकळतं पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकून ठेवायचं, की एका वेळचं अख्खं जेवण तयार. निदान जाहिरातीत तरी तसं म्हणायचे. खाणाऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते मला तोंडपाठ होतं, कारण ते वाचायचं काम माझं. मी बिसेर्का. सतरा वर्षं लोकांची बोलणी खाऊन पगार घेते.

मालक तिहोमिरनं एक युक्ती काढली होती. पेल्याचं झाकण कापायचं, त्याच्या आतल्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहून पाठवायच्या, आणि सोडतीत लाल मुलाम्याचं पातेलं जिंकायचं. हिवाळाभर झाकणं आली. बहुतेकांवर शिव्याच होत्या. उपवास तोंडावर आला तशी तिहोमिरनं सगळ्यांना कारखान्याच्या खानावळीत बसवलं आणि मला म्हणाला, "वाच, बिसेर्का. सगळ्यांना ऐकू दे."

मी वाचलं. नुसतं वाचलं नाही, ज्याचं पत्र त्याच्या आवाजात वाचलं. एका बाईनं लिहिलं होतं, 'हे जेवण नव्हे, भांडी पुसलेलं फडकं पिळलेलं पाणी आहे. ज्यानं रांधलं त्याला लाज वाटू दे.' तिच्या ओळी मी नाकातून, ठसक्यात वाचल्या. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही तेव्हा फार मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

हसणं थांबल्यावर तिहोमिर म्हणाला, "ईस्टरपर्यंत लोकांचं मत बदललं नाही, तर काशिका बंद. आणि ल्युबिंका, तूही दुसरीकडे बघायला लाग."

ल्युबिंका पेरिशिच ही आमची पाककृती ठरवणारी. प्रत्येक घाण्यावर तिची सही. रोज पहिल्या घाण्यातला चमचाभर नमुना ती बाटलीत भरून ठेवायची. वेलिझारचा पेला ज्या दिवशी भरला त्या दिवशीची बाटली तपासली तर त्यात दुधाचा मागमूस नव्हता. तेच तिच्यावर उलटलं.

"साधी गोष्ट आहे," इन्स्पेक्टर तासिच मला म्हणाला. "आधी नमुना बाजूला काढला, मग चवीसाठी दूध घातलं. नोकरी वाचवायची होती तिला. सोमवारी सरकारी वकिलापुढे उभी करतोय, तिथून सरळ कोठडीत."

त्या दिवशी गुरुवार होता. तासिच माझ्या खोलीतून तक्रारींची तीन खोकी उचलून न्यायला आला होता.

"आणि हे चौथं?" मी विचारलं.

"त्यात काय आहे?"

"स्तुती."

तो हसला. "स्तुती घेऊन काय करू, बाई? राहू दे तुमच्याकडेच."

२

ते खोकं मी कधी नीट बघितलंच नव्हतं. तक्रारीला उत्तर लिहावं लागतं; स्तुतीला छापील कार्ड पाठवलं की झालं. गेल्या दोन आठवड्यांत ते खोकं बरंच भरलं होतं हे मात्र जाणवलं होतं. मला वाटलं, लोकांना सवय झाली असेल.

दार लावून घेतलं आणि झाकणं टेबलावर ओतली. एकसष्ट निघाली.

'तुमच्या काशिकेत काय बदल केलात? माझा नवरा ताटलीसुद्धा चाटत नाही, त्यानं पेला चाटला.' 'आजीच्या हातची चव.' 'उपवास असूनही पोट भरल्यासारखं वाटलं, तोंडाला चिकटून राहतं.' आणि एक थरथरत्या अक्षरातलं, डोंगरावरच्या मठातल्या म्हाताऱ्या ननचं: 'मुलांनो, हे फार चविष्ट आहे. उपवासाचं इतकं चविष्ट लागणं मला बरं वाटलं नाही. दोन चमच्यांनंतर मी ते मांजरीला घातलं. तिनं सगळं खाल्लं.'

ते वाचून मी आधी हसले. मग हसू गेलं. आमच्या गावची मांजर मसूर खात नाही. दूध असल्याशिवाय तोंडसुद्धा लावणार नाही.

तोवर मी झाकणांची लिहिलेली बाजूच बघत होते. आता उलटी केली. दुसऱ्या बाजूवर घाण्याच्या तारखेचा शिक्का असतो. भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर खाली काढलं आणि झाकणं तारखेप्रमाणे लावत गेले.

एकसष्टांपैकी तीन इकडच्या तिकडच्या तारखांची होती. दोन तिहोमिरच्या मावशीची, अक्षर मी ओळखते; एक एका शिपायाचं, ज्याला बराकीबाहेरचं काहीही आवडतं. उरलेली अठ्ठावन्न एकाच आठवड्यातली होती. सोमवार ते शनिवार; रविवारी कारखाना बंद. वेलिझारचा पेला त्यातल्या बुधवारचा.

मग तासिचनं नेलेल्या तक्रारी आठवल्या. त्यांची यादी माझ्याकडे होती, तारखांसकट. त्याआधीच्या शनिवारपर्यंत शिव्या. शनिवारनंतरच्या पहिल्या सोमवारपासून पुन्हा शिव्या, जशाच्या तशा. मधल्या सहा दिवसांच्या मालाबद्दल एकाचीही कुरकुर नाही.

म्हणजे दूध चुकून एका घाण्यात पडलं नव्हतं. कुणीतरी सहा दिवस रोज घालत होतं, आणि मग थांबलं.

मी तासिचला फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तिनं एकदा नाही, सहादा घातलं," तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंत, बिसेर्काबाई. खटला आणखी पक्का झाला."

मी फोन ठेवला. ल्युबिंकाला वाचवायला गेले आणि मीच तिला आणखी खोलात ढकललं होतं.

३

शुक्रवारी सकाळी तिच्याकडे गेले. स्वयंपाकघरात बसली होती, केस न विंचरता. समोर बुरेक, चीज भरलेली खुसखुशीत पोळी, आणि दह्याचा पेला. मोठ्या उपवासातल्या शुक्रवारी! पण ल्युबिंकाचं हे असंच. कारखान्यातही ती टेबलावर बसून उघडउघड दही प्यायची आणि बायका नाकं मुरडायच्या.

"तू घातलंस का?" मी सरळच विचारलं.

"नाही."

"मुलीची शपथ?"

"मुलीला मध्ये आणू नकोस. तिला अजून नीट सांगितलेलंसुद्धा नाही. नाही घातलं, बिसा. मला चव सुधारायची असती तर यीस्ट घातलं असतं, सुकवलेले मश्रूम घातले असते. मी शिकलेली आहे त्यातलं. दूध कोण घालतं? खानावळीतला आचारी घालतो."

ती हे सहज बोलून गेली आणि मीही सहज सोडून दिलं.

मी तिला तारखा सांगितल्या. ती बोटं मोडत बसली. "काय होतं त्या आठवड्यात? कसली सुट्टी होती का?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती नाटक करत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं.

"विचार कर," मी म्हणाले. "समज, तू दूध घातलंस, नोकरी वाचावी म्हणून. घाणा बाहेर गेला. लोकांच्या प्रतिक्रिया यायला तीन आठवडे लागतात. लोकांना चव आवडली की नाही हे त्या शनिवारी तुला कळायचा काही मार्गच नव्हता. मग थांबलीस कशाला?"

"थांबले नसते."

"तेच म्हणते मी. नोकरीसाठी घालणारा ईस्टरपर्यंत घालत राहील. तिहोमिरनं घातलं असतं तर तोही थांबला नसता. आणि तो त्या आठवड्यात थेस्सलोनिकीच्या प्रदर्शनात होता, रोज फोटो पाठवायचा, टाय लावून."

"पकडलं जाण्याची भीती वाटली असेल कुणाला?"

"कशी वाटेल? त्या आठवड्यात काहीच झालं नव्हतं. वेलिझार तेव्हा जिवंत होता."

नाव निघालं तशी ती उठून खिडकीपाशी गेली. "माझ्या मुलीचे भूगोलाचे मास्तर होते ते," ती म्हणाली. "माझी सही आहे त्या घाण्यावर, बिसा. दूध मी घातलं नसेल, पण कुणी घालताना मी कुठे होते? दोन वाजता नमुना बाटलीत भरला की घरी. मिक्सर सुरू, आणि मी घरी. रात्री झोप येत नाही मला."

 मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

निघताना दाराबाहेर एक डबा दिसला. अजून गरम होता.

"कूम ठेवून जातो," ती म्हणाली. "रोज. बेल वाजवतो आणि मी दार उघडेपर्यंत जिन्यावरून खाली गेलेला असतो. वीस वर्षांत पहिल्यांदा असं. माझ्याशी बोलायची लाज वाटत असेल त्याला आता."

कूम म्हणजे लग्नात शेजारी उभा राहिलेला साक्षीदार, मुलांचा धर्मपिता. आमच्याकडे सख्खा भाऊ एक वेळ परका होईल, कूम होत नाही. ल्युबिंकाचा कूम म्हणजे आमचाच ग्वोझ्देनकाका, मिक्सरवरचा मुकादम. मला त्याचा राग आला. ती संकटात असताना दारातून पळतो म्हणजे काय?

४

उरला रांको. गोदामाची किल्ली त्याच्याकडे, आणि दुधाच्या भुकटीची पोती गोदामात, कारण आम्ही बटाटा-चीजचा बिनउपवासाचा पेलाही करतो. रांको म्हणजे गुड फ्रायडेला खारवलेलं डुक्कर खाऊन दात कोरत चर्चवरून फिरणारा माणूस. कुणाचीही टर उडवायची, हाच त्याचा धंदा.

"या, फिर्यादींच्या महाराणी!" त्यानं स्वागत केलं. "माझी तक्रार लिहून घ्या. माझं कुणी कौतुक करत नाही."

"रांको, दुधाची पोती किती गेली?"

त्यानं चटकन उठून दार लावलं.

"तीन," तो म्हणाला. "मोठ्या उपवासाच्या आधीच. मी कुणाला बोललो नाही."

"का?"

"का म्हणजे? इथून तिखटाची पिशवी घरी नेणारा कोण, सगळ्यांना माहीत आहे. पोती गेली म्हटलं असतं तर पहिलं बोट माझ्याकडेच आलं असतं. आणि आता सांगितलं तर म्हणतील, बघा, तोच. बिसा, मी चोर असेन, पण त्या मास्तरला मी नाही मारला. माझ्या आईच्या थडग्याची आण."

रडवेला झाला होता. रांकोला असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"किल्ली कुणाकडे द्यायचास?"

"कुणालाही. जेवायला जाताना खिळ्यावर टांगतो." मग जरा सावरून, सवयीनं त्यानं विनोदाकडे वळण घेतलं. "ग्वोझ्देनला नाही दिली म्हणा. त्याला त्या पोत्यांचा वाससुद्धा सोसत नाही. देवमाणूस. चोखा सोमवार आला, उपवासाचा पहिला दिवस, तर पहाटे येऊन बसला होता मिक्सरमध्ये डोकं घालून. चुलीतली राख आणली घरून, उकळत्या पाण्यात कालवली आणि घासतोय, घासतोय. मी म्हटलं, काका, ड्रम आहे, नवरी नाही, एवढं काय न्हाऊ घालताय? हाताची सालं निघाली होती म्हाताऱ्याची."

मीही हसले असते. चोख्या सोमवारी राखेच्या पाण्यानं भांडी घासायची आमची जुनी रीत आहे. आदल्या आठवड्यातला लोण्या-चीजचा ओशटपणा उपवासाच्या अन्नाला लागू नये म्हणून. माझी सासू अजून करते.

दाराच्या कडीवर हात ठेवला आणि तसाच राहिला.

"कुठला ड्रम, रांको?"

"कुठला म्हणजे? मसुराचा. पोस्नोचा."

पोस्नोच्या ड्रमला बारा महिने दूध-तूप शिवत नाही. त्यासाठी तर तो वेगळा ठेवलाय. मग त्याच्यातनं काका काय धूत होता?

बाहेर येऊन मी मालाच्या ओट्यावर बसले. तो आठवडा कुठला, हे काल कॅलेंडर बघताना माझ्या डोळ्यांसमोरच होतं. पांढरा आठवडा. मोठ्या उपवासाच्या आधीचे सात दिवस, ज्यात मांस बंद होतं, पण दूध, चीज, अंडी चालतात. सोमवारपासून तेही बंद. नास्तिक माणूस त्या शनिवारी थांबला नसता. लोभी थांबला नसता. ल्युबिंकाला तर तो आठवडा माहीतही नाही. त्या दिवशी ज्याचा हात आपोआप थांबेल असा माणूस आमच्या कारखान्यात एकच होता, आणि तो एवढे उपवास पाळतो म्हणूनच आम्ही कुणी त्याचं नाव घेतलं नव्हतं.

त्यात आणखी एक आठवलं. मागच्या रविवारी सासूला चर्चमध्ये घेऊन गेले होते. पवित्र प्रसादाच्या रांगेत ग्वोझ्देनकाका उभा होता, दर रविवारी असतो तसा. पाद्रीसमोर पोचला, हात छातीवर दुमडले, आणि प्रसादाचा चमचा पुढे यायच्या आत बाजूला झाला. मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली.

५

शनिवारी दुपारी त्याच्याकडे गेले. तो ओट्यावर राजमा निवडत होता. मी झाकणांची पिशवी टेबलावर ठेवली. त्यानं एक झाकण उचललं, तारीख बघितली आणि परत ठेवलं. चष्मा काढून पुसला.

"बस, मुली," तो म्हणाला.

"काका, मला सांगायचं नाहीये. मला ऐकायचंय."

"पांढरा आठवडा होता," तो म्हणाला. "दूध चालतं."

"पेल्यावर पोस्नो लिहिलंय."

"वाचता येतं मला." मग आवाज खाली आला. "अडतीस वर्षं रेल्वेच्या खानावळीत रांधलं, बिसेर्का. सकाळी रांधलं ते दुपारी संपायचं. पांढऱ्या आठवड्यात रांधलेलं पांढऱ्या आठवड्यातच लोकांच्या पोटात जायचं. माझ्या डोक्यात ते तसंच बसलंय. यंत्रावर उभा असतो, पण मनात माझं पातेलंच असतं. हा पेला वर्षभर टिकतो, महिन्यानं कुणीतरी उघडेल, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ते मनात आलंच नाही. सोमवारी ड्रम धुतला, की माझं काम झालं असं वाटलं."

"पण घातलंत कशाला?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

"फडकं पिळलेलं पाणी," तो म्हणाला. "ज्यानं रांधलं त्याला लाज वाटू दे. अडतीस वर्षांत माझ्या ताटातलं कुणी टाकलं नव्हतं. सगळे हसत होते. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा, लोकांना नीट जेवायला घालावं. चालतंय त्या दिवसांत घालावं, म्हणजे पापही नाही."

 तो खानावळीत मागच्या बाकावर बसला होता त्या दिवशी. मी इतक्या ठसक्यात वाचत होते की तिकडे बघितलंसुद्धा नव्हतं. खरंच, मला तेव्हा माझीच लाज वाटली, आणि आजही वाटते.

पण लाजेहून जास्त संताप आला. "आणि ल्युबिंका? परवा तिला आत टाकतायत, काका! तुम्ही तिच्या दारात डबे ठेवताय? ती राजमा खाऊन सुटणार आहे का?"

"पाद्रीला सांगितलं मी. तो म्हणाला, आधी पोलिसांकडे, मग माझ्याकडे. तोवर प्रसाद नाही. बरोबर केलं त्यानं." त्याचे हात राजम्यात तसेच होते. "दोनदा ठाण्याच्या फाटकापर्यंत गेलो. तुरुंगाला नाही भीत मी, आता किती दिवस उरलेत? तिथे आत ती बाई असेल असं वाटायचं. त्या मुलाची आई. तिला काय सांगू? तुझा मुलगा चवीसाठी मारला?"

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हणाले. माझाच आवाज मला कठोर वाटला. "कोट घाला."

तो उठला. सगळा राजमा परत पिशवीत भरला, पिशवीचं तोंड बांधलं, गॅसची चावी बंद आहे का ते दोनदा पाहिलं. मग टोपी घेतली.

६

ठाण्यात तासिचनं ऐकून घेतलं आणि बराच वेळ टेबलावर पेन्सिल आपटत बसला. मी झाकणं मांडली, रांकोची पोती, राखेचं पाणी, सगळं सांगितलं. त्यानं एकदाच विचारलं, "आणि हे स्तुतीच्या खोक्यात होतं?"

"हो. तुम्ही माझ्याकडेच ठेवून गेलात ते."

त्यानं फोन उचलून ल्युबिंकाला बोलावून घ्यायला सांगितलं, आणि आम्हांला बाहेरच्या बाकावर बसायला.

बाकावर आधीच एक बाई होती. काळा रुमाल बांधलेली, मांडीवर ठाण्यानं परत दिलेली कागदी पिशवी. त्यात एक घड्याळ, किल्ल्या, फोन. तेम्स्का गावची होती, आमच्याच भागातली. मी तिला अंत्ययात्रेत लांबून पाहिलं होतं. झ्लातिया आंतिच. वेलिझारची आई.

मी काकाचा हात धरला, त्याला दुसरीकडे न्यावं म्हणून. त्यानं माझा हात सोडवला, टोपी काढली आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"मी ग्वोझ्देन," तो म्हणाला. "त्या पेल्यात दूध मी घातलं. दुसऱ्या कुणी नाही. मारायला नाही घातलं. पण मीच घातलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. ओरडेल, मारेल, असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "कशाला?"

"चांगलं लागावं म्हणून."

तेवढ्यात ल्युबिंका जिन्यावरून वर येत होती. शेवटचं वाक्य तिनं ऐकलं होतं. मधल्या पायरीवर थांबली, एक हात कठड्यावर. एकदा माझ्याकडे, एकदा काकाकडे पाहिलं, आणि मला काही सांगावं लागलं नाही.

झ्लातियाबाईनं पिशवीतला फोन काढला. तो बंदच होता. ती त्याच्या काचेवरून अंगठा फिरवत होती.

"मला हे खूप विचारत होते," ती म्हणाली. "किती वाजता फोन आला, किती मिनिटं बोललात, त्याचं ऍलर्जीवरचं इंजेक्शन कुठे होतं. काय बोलला ते कुणी विचारलं नाही." ती काकाशीच बोलत होती, आम्ही तिथे नसल्यासारखी. "जेवता जेवता फोन करायचा तो. जन्मात त्यानं कधी लोणी खाल्लं नाही, साय खाल्ली नाही. दुसऱ्यांच्या वाढदिवसाला केक न खाता बसायचा. त्या दिवशी म्हणाला, आई, आज हे काय चविष्ट झालंय गं, तू इथे असतीस तर अर्धं तुला दिलं असतं. मग खोकला आला."

काका बाकावर बसला.  त्याचे खांदे हलत होते.

"फार आवडलं त्याला," झ्लातियाबाई म्हणाली. "तुम्हांला कुणीतरी सांगायला हवं."

तिनं हे सूड म्हणून म्हटलं की दया म्हणून, मला अजून ठरवता आलेलं नाही. तिनं फोन पिशवीत ठेवला आणि जिना उतरून गेली.

तासिच दारात येऊन म्हणाला, "ल्युबिंकाबाई, तुम्ही मोकळ्या आहात. इथे सही करा आणि घरी जा."

तिनं सही केली. पण घरी गेली नाही. बाकावर काकाच्या शेजारी येऊन बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ना त्याच्याकडे बघितलं, ना बोलली. त्याला आत न्यायला शिपाई येईपर्यंत ती तशीच बसून होती, आणि मी खिडकीपाशी उभी होते.